दुर्बिणीची फाइल उघडल्यावर सगळं काळंच का दिसतं?

दुर्बिणीतून घेतलेली पहिली खरी फाइल मी उघडली तेव्हा पडद्यावर नुसती काळी चौकट आली. त्यात कुठे कुठे पाच-सहा पांढरे ठिपके, बाकी सगळा अंधार. फाइल होती एम ५१ या दीर्घिकेची. जिचे भोवऱ्यासारखे वळलेले बाहू खगोलाच्या जवळपास प्रत्येक पुस्तकात असतात, तीच ही. मला वाटलं डाउनलोड अर्धवट राहिलं. पुन्हा उतरवून घेतली, पुन्हा तेच. फाइल पुसायला निघालो होतो, तेवढ्यात शेजारी बसलेल्या ज्येष्ठ निरीक्षकांनी थांबवलं. "पुसू नकोस. त्या मोठ्या ठिपक्याच्या जरा डावीकडे पॉइंटर ने आणि वर आकडा काय येतो ते वाच." मी वाचला, १,१८३. "आता लांब कडेला जा." तिथे १,००४. "दोन्हीकडे तुला काळंच दिसतंय ना? पण आकडे वेगळे आहेत. दीर्घिका तिथेच आहे, फक्त पडदा ती तुला दाखवत नाहीये."

नव्याने या वाटेला आलेल्या बहुतेकांची पहिली अडचण हीच असते. म्हणून आधी या फाइलमध्ये असतं काय, ते समजून घेऊ.

मोबाइलवर काढलेला फोटो डोळ्यांसाठी तयार होऊन येतो. उजेड किती ठेवायचा, रंग कसे लावायचे, बारीक फरक कुठे सोडून द्यायचे, हे सगळं फोनने आधीच ठरवलेलं असतं. दुर्बिणीच्या कॅमेऱ्याची फाइल अशी तयार केलेली नसते. तो आकड्यांचा तक्ता असतो. कॅमेऱ्याच्या चिपवरच्या प्रत्येक पिक्सेलवर किती प्रकाश पडला त्याची एक नोंद, अशा लाखो नोंदी ओळीने मांडलेल्या. चित्र त्यातून आपल्याला काढावं लागतं, आणि एकाच तक्त्यातून अगदी वेगवेगळी चित्रं निघतात.

या फाइलच्या प्रकाराला फिट्स म्हणतात. १९७० च्या दशकाच्या अखेरीस प्रत्येक वेधशाळेचा संगणक निराळा आणि माहिती साठवण्याची पद्धतही निराळी होती. एका ठिकाणची चुंबकीय टेप दुसऱ्या ठिकाणी वाचता येत नसे. प्रकाशीय दुर्बिणीवर काम करणारे डॉन वेल्स, रेडिओ दुर्बिणींकडचे एरिक ग्राइसन आणि त्यांचे सहकारी यांनी मिळून एक सामाईक मांडणी ठरवली आणि १९८१ मध्ये तिचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. तिच्यामागचा नियम मला फार आवडतो: एकदा फिट्स, कायम फिट्स. मांडणीत पुढे कितीही भर पडली, तरी जुनी फाइल वाचता आलीच पाहिजे. तेव्हाची फाइल आजच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडते ती त्यामुळेच. व्हॅटिकनच्या ग्रंथालयाने आपली प्राचीन हस्तलिखितं जपण्यासाठी ताऱ्यांसाठी बनलेली हीच मांडणी निवडली, यावरून तिच्यावरचा भरवसा कळतो.

फिट्स फाइलचे दोन भाग असतात. वर हेडर, खाली आकडे. हेडर साध्या अक्षरांत लिहिलेला असतो, त्याची प्रत्येक ओळ बरोबर ८० अक्षरांची. ही लांबी पंच कार्डांच्या, म्हणजे भोकं पाडून माहिती साठवायच्या पुठ्ठ्यांच्या, जमान्यातून आलेली आहे. अशा ३६ ओळींचा एक ठोकळा होतो, २,८८० बाइटचा. सॉफ्टवेअर कोणतंही असो, फाइल उघडल्यावर आधी हेडर वाचायची सवय लावून घ्या. कुठली वस्तू टिपली, कोणत्या तारखेला, कोणत्या फिल्टरमधून, शटर किती सेकंद उघडं होतं, चित्र किती पिक्सेल रुंद आणि किती उंच आहे, हे सगळं तिथे असतं. ‘बिटपिक्स’ नावाच्या ओळीत १६ असेल तर आकडे पूर्णांक आहेत, उणे ३२ असेल तर दशांश. पॉइंटरखाली १,१८३ सारख्या आकड्याऐवजी ०.०१८ असं काही दिसलं तर गोंधळू नका. काही सॉफ्टवेअर सगळी मोजमापं शून्य ते एक या पट्टीवर आणून ठेवतात.

हे उघडायचं कशात? संगणकावरचे नेहमीचे फोटो दाखवणारे प्रोग्रॅम फिट्स ओळखत नाहीत. व्यावसायिक खगोलशास्त्रज्ञांमध्ये सर्वात रुळलेलं सॉफ्टवेअर म्हणजे डीएस ९. ते स्मिथसोनियन खगोलभौतिकी वेधशाळेत तयार झालं, मोफत आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. काहीही इन्स्टॉल न करता ब्राउझरमध्येच पाहायचं असेल तर त्याचंच भावंड जेएस ९ आहे. फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गच्या केंद्राने केलेलं अलादिन आकाशाचे नकाशे आणि तारकासूची एकमेकांवर ठेवून पाहायला उत्तम. स्वतःच्या दुर्बिणीतून फोटो काढणारे हौशी लोक सिरिल वापरतात, तेही मोफत. मी सुरुवात डीएस ९ वर करायला सांगतो, कारण त्यात आकडे आणि चित्र एकाच वेळी डोळ्यांसमोर राहतात.

आता त्या काळ्या चौकटीकडे वळू. पडदा राखाडीच्या साधारण २५६ छटा दाखवतो. १६ बिटच्या फाइलमध्ये मात्र आकडे शून्यापासून ६५,५३५ पर्यंत जाऊ शकतात. माझ्या त्या फाइलमध्ये आकाशाची पार्श्वभूमी हजाराच्या आसपास होती, दीर्घिकेचे बाहू १,०५० ते १,२०० च्या दरम्यान आणि चौकटीतल्या सर्वात तेजस्वी ताऱ्याचा मधला पिक्सेल साठ हजारांच्या घरात. सॉफ्टवेअरने काय केलं? सर्वात लहान आकडा, समजा ९८०, तो काळा आणि सर्वात मोठा, साठ हजार, तो पांढरा धरला. मधलं अंतर २५६ छटांत सारखं वाटून टाकलं. म्हणजे एका छटेच्या वाट्याला सुमारे २३० आकडे आले. ९८० पासून १,२१० पर्यंतचं सगळं एकाच छटेत, तळाच्या काळ्यात, गेलं. आकाशही तिथेच आणि दीर्घिकाही तिथेच. एका ताऱ्यापायी अख्खी दीर्घिका अंधारात गडप झाली.

यावरचा उपाय म्हणजे काळा कुठे आणि पांढरा कुठे, हे आपण ठरवणं. डीएस ९ मध्ये ‘स्केल’ नावाचा मेनू आहे. त्यात ‘मिनमॅक्स’ म्हणजे वर सांगितलेली पद्धत. तिच्याऐवजी ‘झेडस्केल’ निवडा. हा पर्याय चित्रातले काही पिक्सेल नमुन्यादाखल घेतो, बहुसंख्य आकडे कुठे दाटले आहेत ते पाहतो आणि काळ्या-पांढऱ्याच्या मर्यादा त्यांच्या आसपास आवळतो. आकाशात बहुसंख्य पिक्सेल पार्श्वभूमीचेच असतात, त्यामुळे पार्श्वभूमीपेक्षा किंचित उजळ असलेलं सगळं वर येतं. काळा ९९० वर आणि पांढरा १,२५० वर आला की जवळजवळ प्रत्येक आकड्याला स्वतःची छटा मिळते. मी झेडस्केलवर क्लिक केलं आणि त्या काळ्या चौकटीतून एम ५१ चे दोन्ही बाहू उमटले. आकडा एकही बदलला नव्हता. हेच बाहू १८४५ मध्ये लॉर्ड रॉस यांना आयर्लंडमधल्या आपल्या ७२ इंची दुर्बिणीतून पहिल्यांदा वळलेले दिसले होते.

पण झेडस्केलची किंमत मोजावी लागते. १,२५० च्या वरचं सगळं आता सपाट पांढरं झालं. दीर्घिकेचा गाभा म्हणजे नुसता पांढरा डाग, तारे फुगलेले गोळे. इथे दुसरा प्रश्न येतो. मर्यादा ठरल्यावर मधल्या छटा वाटायच्या कशा? सारख्या वाटल्या तर ती ‘लिनियर’ पट्टी. ‘लॉग’ निवडलं तर मंद भागाला जास्त छटा मिळतात आणि तेजस्वी भाग थोडक्यात आवरला जातो. वर्गमूळाची पट्टी या दोघांच्या मधली. माझी आवडती पट्टी ‘एसिंच’. मंद भागात ती लिनियरसारखी वागते आणि तेजस्वी भागात लॉगसारखी, म्हणून बाहू आणि गाभा दोन्ही एका चित्रात सांभाळले जातात. या सगळ्या खटाटोपाला खगोलफोटो काढणारे ‘स्ट्रेच करणं’ म्हणतात, आणि शब्द चपखल आहे. दाटीवाटीने बसलेल्या आकड्यांना ताणून मोकळं करायचं.

मेनूत फार शिरायचं नसेल तर माउसचं उजवं बटण दाबून धरा आणि चित्रावर ओढा. डावी-उजवीकडे नेलं की उजेडाचा मध्य सरकतो, वर-खाली नेलं की कॉन्ट्रास्ट बदलतो. पहिल्या दिवशी यासाठी अर्धा तास द्या. एम ५१ वर हे करताना आधी फक्त दोन गाभे दिसतात, एक तिचा आणि एक तिच्या छोट्या सोबतिणीचा, एनजीसी ५१९५ चा. आणखी ओढलं की बाहू येतात, मग बाहूंवरच्या धुळीच्या काळ्या रेघा. आणखी ताणलं की बाहू जळल्यासारखे पांढरे होतात, पण त्याच वेळी सोबतिणीच्या भोवती एक विस्कटलेलं, धुरकट पदर असल्यासारखं काहीतरी दिसू लागतं. दोघींच्या गुरुत्वाकर्षणाच्या ओढाताणीत बाहेर फेकले गेलेले तारे आहेत ते. गाभा, धूळ आणि हा पदर एकाच फाइलमध्ये असतात, पण कोणत्याही एका स्ट्रेचमध्ये तिन्ही नीट दिसत नाहीत. म्हणून ‘या वस्तूचं खरं चित्र कोणतं’ असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, त्यातलं काय पाहायचंय?

एक युक्ती लगेच करून बघण्यासारखी आहे. ‘कलर’ मेनूत रंग उलटे करण्याचा पर्याय आहे. आकाश पांढरं आणि तारे काळे. दिसायला रुक्ष वाटेल, पण पांढऱ्यावरची फिकट करडी छटा आपल्या डोळ्यांना काळ्यावरच्या छटेपेक्षा लवकर कळते. मंद वस्तू शोधायची असेल तेव्हा मी हेच करतो.

सिरिल वापरणाऱ्यांसाठी इथेच एक सावधगिरी सांगायला हवी. त्यात खाली ‘ऑटोस्ट्रेच’ नावाचा पर्याय आहे. तो लावला की चित्र झकास दिसतं, पण तो ताण फक्त पडद्यापुरता असतो. फाइलमधले आकडे जसेच्या तसे राहतात. ती फाइल सेव्ह करून दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडली की पुन्हा काळी दिसते आणि माणूस हबकतो. आकडे खरोखर बदलायचे असतील तर हिस्टोग्रामचं, म्हणजे कोणता आकडा किती पिक्सेलांत आहे ते दाखवणाऱ्या आलेखाचं, साधन वेगळं आहे. ते वापरण्याआधी मूळ फाइलची प्रत काढून ठेवा, कारण एकदा ताणलेल्या आकड्यांवरून ताऱ्याचं तेज मोजता येत नाही.

सुरुवातीला आणखी एक गोष्ट चकवते. रंगीत कॅमेऱ्याची कच्ची फाइल करडी दिसते आणि झूम केलं की तिच्यावर बुद्धिबळाच्या पटासारखी बारीक जाळी. चिपवरच्या पिक्सेलांवर लाल, हिरवे, निळे फिल्टर आलटून पालटून बसवलेले असतात, त्याची ती खूण. फाइलमध्ये बिघाड नसतो. ‘डीबेयर’ केलं, म्हणजे शेजारच्या पिक्सेलांवरून प्रत्येक पिक्सेलचा पूर्ण रंग काढला, की रंग येतात.

हबल आणि जेम्स वेब या दुर्बिणींच्या फाइली कुणालाही मिळतात. बाल्टिमोरच्या स्पेस टेलिस्कोप सायन्स इन्स्टिट्यूटमधल्या ‘मास्ट’ या संग्रहातून त्या फुकट उतरवता येतात. काही निरीक्षणं पहिलं वर्षभर ती मागणाऱ्या शास्त्रज्ञांपुरती राखून ठेवलेली असतात, नंतर खुली होतात. यादी पाहून मात्र डोकं गरगरतं, कारण एकाच लक्ष्याच्या डझनावारी फाइली असतात. नावाच्या शेवटाकडे बघा. वेबच्या जुळवून तयार झालेल्या चित्रांच्या नावाअखेर ‘आयटूडी’ असतं, हबलच्या ‘डीआरझेड’ किंवा ‘डीआरसी’. सुरुवात यांनीच करा. हबलच्या सुट्या फ्रेम उघडल्या तर चित्रभर पांढरे ओरखडे दिसतील. ते चिपवर आदळलेल्या वैश्विक किरणांचे, अनेक फ्रेम एकत्र केल्यावर ते गाळले जातात.

या फाइलींच्या आत थर असतात. वेबच्या आयटूडी फाइलमधला पहिला भाग नुसता हेडर, त्यात चित्रच नाही. खरं चित्र पुढच्या ‘साय’ नावाच्या थरात. त्यामागे मोजमापात किती चूक असू शकते त्याचा अंदाज देणारा ‘एरर’, कुठल्या पिक्सेलवर किती विश्वास ठेवायचा ते सांगणारा थर, असे आणखी काही. डीएस ९ साधं ‘ओपन’ केल्यावर पहिलं चित्र स्वतःहून उचलतं. सगळे थर हवे असतील तर ‘ओपन ॲज’मध्ये जाऊन अनेक भागांची फाइल म्हणून उघडा. चुकून एरर थर उघडला गेला तर चित्र ओळखीचं पण विचित्र, खरबरीत वाटतं. तसं वाटलं की थराचं नाव तपासा.

वेबच्या चित्रात तेजस्वी ताऱ्यांच्या मधोमध काळं भोकही दिसेल. तारा इतका प्रखर असतो की पिक्सेल भरून वाहतो, आणि मग तिथलं मोजमाप बाद केलं जातं. प्रसिद्धीसाठी तयार केलेल्या चित्रांत ही भोकं बुजवलेली असतात, म्हणून ती आपण कधी पाहिलेली नसतात.

रंगांचंही असंच. दुर्बिणीच्या या फाइली मुळात कृष्णधवल, एका फिल्टरची एक. १९९५ साली हबलने टिपलेले गरुड तेजोमेघातले ते प्रसिद्ध खांब घ्या. तीन फिल्टर होते: ऑक्सिजनचा ५०२ नॅनोमीटर, हायड्रोजनचा ६५६ आणि गंधकाचा ६७३. त्यांना क्रमाने निळा, हिरवा आणि लाल रंग दिला गेला. हायड्रोजनचा ६५६ चा प्रकाश डोळ्यांना लालच दिसतो, गंधकाचाही लाल. दोन्ही लाल ठेवले असते तर कुठे कोणता वायू आहे ते ओळखू आलं नसतं. म्हणून रंग तरंगलांबीच्या क्रमाने वाटले. याला खोटेपणा म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. नकाशात उंचीप्रमाणे रंग भरतात तसंच हे आहे, आणि कोणता रंग कशासाठी ते उघडपणे सांगितलेलं असतं. डीएस ९ मध्ये आरजीबी चौकट उघडून तीन फाइली तीन रंगांत टाकल्या की हे स्वतः करता येतं. प्रत्येक रंगाचा स्ट्रेच वेगळा लावावा लागतो, आणि तिथे हात बसायला वेळ लागतो.

तीन फाइली एकमेकींवर नेमक्या बसतात त्या हेडरमधल्या आणखी एका माहितीमुळे. तिला डब्ल्यूसीएस म्हणतात. कोणता पिक्सेल आकाशात कुठे येतो, चित्र किती फिरलेलं आहे, एका पिक्सेलमध्ये आकाशाचा केवढा कोन मावतो, हे त्यात असतं. ती असली की पॉइंटर फिरवताना पिक्सेलच्या आकड्यासोबत विषुवांश आणि क्रांती, म्हणजे आकाशातले रेखांश-अक्षांश, हेही दिसतात. कोपऱ्यात उत्तर आणि पूर्व दाखवणारे बाण येतात. उत्तर वर असेल तर पूर्व डावीकडे दिसेल. ती चूक नाही. जमिनीचा नकाशा आपण वरून पाहतो, आकाश खालून.

स्वतःच्या कॅमेऱ्याच्या फाइलमध्ये बहुधा ही माहिती नसते. ॲस्ट्रॉमेट्री डॉट नेट किंवा ॲस्टॅप या साधनांना ती फाइल द्या. ताऱ्यांच्या आकृत्या सूचीशी जुळवून ही साधनं चित्राची आकाशातली जागा शोधतात आणि हेडरमध्ये भरतात. चित्र उलटं, आरशातल्यासारखं दिसत असेल तर त्याचं कारण बहुधा वेगळं असतं. फिट्सच्या रिवाजानुसार पहिली ओळ तळाशी येते, पण कॅमेऱ्याचे बरेच प्रोग्रॅम वरून खाली लिहितात.

चित्र मनासारखं झालं की पीएनजी किंवा जेपेग म्हणून बाहेर काढा, मित्रांना पाठवा. फक्त त्यावरून काही मोजू नका. त्यात ते हजार-बाराशेचे आकडे उरलेले नसतात, उरतात त्या तुम्ही निवडलेल्या छटा. मोजायचं ते नेहमी मूळ फिट्सवर.

दोन रात्रींच्या फाइली हाताशी असतील तर शेवटी एक गोष्ट जरूर करा. खगोलशास्त्रज्ञ क्लाइड टॉमबॉ यांनी २३ आणि २९ जानेवारी १९३० च्या रात्री घेतलेल्या काचेच्या प्लेटा एका यंत्रात शेजारी बसवल्या. ते यंत्र एकदा ही प्लेट, एकदा ती, असं झटपट आलटून पालटून दाखवत असे. १८ फेब्रुवारीला एक ठिपका त्यांना इकडून तिकडे उडी मारताना दिसला. तो प्लूटो होता. डीएस ९ च्या ‘फ्रेम’ मेनूत हीच सोय ‘ब्लिंक’ नावाने आहे. दोन चौकटींत दोन फाइली उघडा, दोन्हींना एकच स्केल लावा, डब्ल्यूसीएसवरून जुळवा आणि ब्लिंक सुरू करा. तारे जागचे हलणार नाहीत. एखादा ठिपका उडी मारताना दिसला तर ब्लिंक थांबवा, त्याच्यावर पॉइंटर न्या, आणि दोन्ही चौकटींतले विषुवांश, क्रांती आणि हेडरमधली वेळ वहीत उतरवून घ्या.